दाखला नसलेले वैधव्य

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला लागले की ओरत्तनाडू येते. रामेश्वराला निघालेल्या यात्रेकरूंसाठी दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ च्या सुमारास तिथे बांधलेले मुक्तांबाळ छत्र अजून उभे आहे. मुक्तांबाळ ही राणी नव्हती. ती राजांची सखी होती, लग्नाची बायको नव्हे. तिच्या अखेरच्या इच्छेखातर राजांनी हे अन्नछत्र तिच्या नावाने उभारले, असे परंपरा सांगते. राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेल्यावर छत्रांच्या उत्पन्नाला धक्का लागू नये म्हणून सरफोजींनी १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टॉरिनला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. वाटसरूंना जेवण, आजाऱ्याला औषध, बाळंतिणीची देखभाल, पोरक्या मुलांचे शिक्षण, हे सारे छत्रांत कसे चालते याचा त्यात तपशील आहे. लग्नाविना झालेल्या जोडीदाराचा शोक उघडपणे, सरकारी खर्चाने आणि दगडात मांडता आला, कारण मागे राहिलेला राजा होता. तो मेला असता आणि मुक्तांबाळ मागे राहिली असती, तर तिला काय मिळाले असते? त्याचे उत्तर तंजावरातच, पुढच्या पिढीत मिळते. आज मुंबई, चेन्नई, दिल्ली, लंडन आणि डब्लिनमध्ये ज्या प्रश्नावर वाद चालला आहे तो हाच आहे: लग्न न करता संसार केलेल्या माणसाचा जोडीदार गेला, तर त्याच्या पेन्शनवर मागे राहिलेल्याचा हक्क आहे की नाही?

पेन्शन ही गोष्ट तंजावरला नवी नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहानंतर खुद्द राजाच पेन्शनर झाला. किल्ला त्याच्याकडे राहिला, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा ठरला, बाकी मुलूख कंपनीचा. त्या उत्पन्नावर वाडा, ग्रंथालय, गवई, छत्रे आणि माणसांचा एक मोठा पसारा जगत होता. त्या पसाऱ्यात राण्या होत्या तशा खांड्याच्या बायकाही होत्या. बरोबरीच्या कुळातली नसलेली स्त्री घरात आणायची, तर नवरदेव स्वतः जात नसे. त्याची तलवार जाई आणि तिच्या साक्षीने ताली बांधली जाई. तमिळमध्ये याला कत्ती कल्याणम् म्हणतात. हे लग्न मानायचे की नाही, यावर दरबारातले एकमत सोयीप्रमाणे बदलत असे. १७३९ ला गादीवर आलेला प्रतापसिंह हा अशाच मातेचा मुलगा असल्याचे सांगतात, आणि त्याने चोवीस वर्षे राज्य केले. त्याचा मुलगा अमरसिंह याची आईही खांड्याचीच; त्याच्या बाबतीत मात्र १७८७ नंतर पंडितांची मते आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला गेली. १७९८ ला कंपनीने त्याला उतरवून दत्तक सरफोजीला बसवले. विधी तोच होता. गादी कोणाला हवी यावर त्याची वैधता ठरत होती.

सरफोजींनी अशा स्त्रियांसाठी तिरुवैयारूला कावेरीकाठी कल्याण महाल केला. त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी यांच्या काळात तंजावरच्या वाड्यात मंगळविलास होता. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी शिवाजीराजे वारले. मुलगा नव्हता. डलहौसीच्या कारकिर्दीत याचा अर्थ ठरलेला होता: राज्य खालसा. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर १८५६ मध्ये, कंपनीने राज्याबरोबर राजाची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. थोरली राणी कामाक्षीबाई वकील जॉन ब्रूस नॉर्टन यांच्यामार्फत मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेली आणि जिंकली. १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. न्याय-अन्याय काहीही असो, हे राज्यसत्तेचे कृत्य आहे आणि त्यावर कोणतेही न्यायालय दाद देऊ शकत नाही, असे ते म्हणाले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवला जातो. त्यात एक विधवा आपल्या नवऱ्याच्या घरातल्या वस्तू मागत होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

१८६२ साली मद्रास सरकारने ती मालमत्ता परत केली. कारभार थोरल्या राणीकडे, बाकीच्या सवतींचा सांभाळ तिने करायचा, आणि शेवटची राणी गेली की मालमत्ता राजाच्या मुलीकडे. सहा वर्षांत राण्या एकमेकींविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या. जिजाईअंबाबाई विरुद्ध कामाक्षीबाई या १८६८ च्या निकालात मद्रास हायकोर्टाने ठरवले की सर्व विधवांची मिळकत एकत्र आहे. थोरलीकडे व्यवस्था आहे, एकटीची मालकी नाही. हिंदू विधवांच्या हक्कांवरचा हा महत्त्वाचा निकाल मानला जातो. वाड्याच्या आश्रितांना सरकारने नेमणुका बांधून दिल्या; पण सरकारने परत केलेल्या मालमत्तेत वाटेकरी म्हणून नाव आले ते राण्यांचे आणि मुलीचे. मंगळविलासातल्या बायका नेमणुकीवर राहिल्या. हक्क आणि मेहेरबानी यांमधली रेघ तिथे पहिल्यांदा इंग्रजी कागदावर आखली गेली, आणि तिची जागा फारशी हललेली नाही असे मला वाटते.

त्या घराण्याच्या वारशाचा वाद विसाव्या शतकातही चालूच राहिला. कोल्हापूरचे महाराज भोसले कुळाचे म्हणून त्यात पक्षकार झाले, आणि १९२४ साली मद्रास हायकोर्टाने जो प्रदीर्घ निकाल दिला त्यात तंजावरचे भोसले शूद्र वर्णाचे ठरवले गेले. आज वाचताना हा भाग चीड आणणारा वाटतो. पण कोर्टाला वर्ण का ठरवायचा होता, हे पाहण्यासारखे आहे. तेव्हाच्या हिंदू कायद्यात, बापाजवळ कायम राहिलेल्या, पण लग्न न झालेल्या स्त्रीचा मुलगा, ज्याला दासीपुत्र म्हणत, तो द्विजांत फक्त पोटगीला पात्र होता. शूद्रांत त्याला मिळकतीत वाटा होता. म्हणजे राजघराणे क्षत्रिय ठरले तर खांड्याच्या पोरांना पोटगी, शूद्र ठरले तर वाटा. आईचा संसार कसा होता, याला त्या हिशेबात जागा नव्हती.

या जुन्या कायद्यात एक गोष्ट मात्र होती, जी आज आपल्याला नाही. तिला अवरुद्ध स्त्री म्हणत. एखादी बाई एकाच पुरुषाजवळ, त्याच्या मरणापर्यंत, एकनिष्ठेने राहिली असेल, तर त्याच्या मिळकतीतून तिला पोटगी मिळायची. मुंबई हायकोर्टाने एकोणिसाव्या शतकात हा हक्क मान्य केला होता. पुढे, तिला कुटुंबाच्या घरात ठेवले असेल तरच ती अवरुद्ध, असा अर्थ काढला जाऊ लागला. १९२६ साली मुंबईहून गेलेल्या एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने तो अर्थ नाकारला. वेगळ्या घरात ठेवली तरी चालेल, नाते कायमचे आणि उघड असले म्हणजे झाले. अट एक होती, तीही जाचक: तो गेल्यावरही तिने दुसऱ्या कोणाकडे जायचे नाही. स्त्रीला वस्तूसारखी वागवणाऱ्या व्यवस्थेतून हा नियम आला होता, यात शंका नाही. तरी मागे राहिलेल्या बाईच्या पोटाचे काय, हा प्रश्न त्याने विचारला होता आणि त्याचे उत्तरही दिले होते.

स्वतंत्र भारताने ते उत्तर पुसले, आणि ज्या हातांनी पुसले ते सुधारकांचे हात होते. मुंबई प्रांताने १९४६ ला आणि मद्रासने १९४९ ला हिंदूंतील दुसऱ्या लग्नाला बंदी केली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू झाली. पहिल्या बायकोसाठी हा मोठाच विजय होता. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याने मृताच्या मिळकतीवर हक्क असलेल्या आश्रितांची यादी दिली. तीत विधवा आहे, अल्पवयीन अनौरस मुलगा आहे, अविवाहित अनौरस मुलगी आहे. त्या मुलांची आई नाही. १९६५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की कायदा लागू होण्याआधी ज्यांचा माणूस गेला त्या अवरुद्ध स्त्रियांचा हक्क शाबूत आहे. म्हणजे १९५६ च्या आधी विधवा झालेली निभावली, नंतरची नाही. संसदेत द्विभार्या प्रतिबंधावर दिवसचे दिवस चर्चा झाली, पण ज्या बाईला आता कायद्यात नावच उरणार नव्हते तिच्यावर फार कमी शब्द खर्च झाले.

त्याच १९६५ साली महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने एका पुरुषाला द्विभार्येच्या गुन्ह्यातून सोडले. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने झाले होते, सप्तपदी वगैरे आवश्यक विधी झाल्याचे सिद्ध झाले नव्हते. म्हणून कायद्याच्या दृष्टीने लग्नच झाले नाही, आणि लग्न नाही तर गुन्हा नाही. तर्कशुद्ध निकाल. त्याची दुसरी बाजू १९८८ साली, पुन्हा महाराष्ट्रातल्याच खटल्यात दिसली: पहिले लग्न टिकून असताना लग्न केलेली बाई ही 'पत्नी' नाही, तिला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली पोटगी नाही. अर्धवट विधींनी पुरुष सुटतो आणि बाई उघडी पडते. २०१३ मध्ये, तिसऱ्यांदा महाराष्ट्रातून आलेल्या खटल्यात, पहिले लग्न लपवून फसवलेल्या बाईला तरी पोटगी द्यावी इतके कोर्ट मऊ झाले. पण ही सगळी जिवंत पुरुषाकडून मागायची पोटगी. मेलेल्या माणसाच्या पेन्शनचे गणित वेगळे.

ते गणित असे. केंद्राची कुटुंब निवृत्तिवेतन योजना १९६४ ची. सुरुवातीला कर्मचाऱ्याला तिच्यासाठी ग्रॅच्युइटीतून दोन महिन्यांच्या वेतनाइतकी रक्कम सोडावी लागे. १९७७ पासून ती अट गेली. साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या तीस टक्के, आणि नोकरीत असताना मृत्यू आला तर पहिली काही वर्षे पन्नास टक्के. १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितले की पेन्शन ही सरकारने वाटलेली खिरापत नव्हे, ती आधी केलेल्या कामाची मागाहून मिळणारी कमाई आहे. महाराष्ट्राचे नियम १९८२ चे, त्यांतला ११६ वा नियम कुटुंबाचा. तमिळनाडूचे १९७८ चे, तिथे ४९ वा. तिन्हीकडे कुटुंब म्हणजे कायदेशीर पती किंवा पत्नी, मग ठरावीक वयापर्यंत मुले, मग काही अटींवर आईवडील वगैरे. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत एक फट आहे: सदस्याला कुटुंबच नसेल तर तो कोणाचेही नाव देऊ शकतो. पण कुटुंब झाले की ते नाव रद्द. सरकारी पेन्शनीत तर तेवढेही नाही. ग्रॅच्युइटीच्या फॉर्मवर किंवा विम्याच्या कागदावर नॉमिनी म्हणून असलेले नाव पेन्शनीला उपयोगी पडत नाही, हे अनेकांना माणूस गेल्यावर ट्रेझरीच्या खिडकीशी कळते.

गंमत म्हणजे याच नियमांत वाटणीची सोय आहे. जिथे वैयक्तिक कायद्याने एकाहून अधिक बायका वैध आहेत, तिथे पेन्शन विधवांत समान वाटली जाते. रद्दबातल लग्नातल्या मुलांनाही त्यांचा हिस्सा मिळतो. २००० सालच्या बिहारमधल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने दुसरीला काही दिले नाही, पण तिच्या मुलांना दिले. म्हणजे पैसे विभागता येत नाहीत ही अडचण नाही. कचेरीला पेन्शनचे दोन आदेश (पीपीओ) काढता येतात. अडचण आहे ती एका नावाला जागा देण्याची.

सोलापूरचे एक प्रकरण याबाबतीत बोलके आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातला एक शिपाई १९९६ साली वारला. दोन बायका. दोघींनी भांडत बसण्याऐवजी आपसांत ठरवले: निवृत्तीनंतरच्या रकमेतला सुमारे नव्वद टक्के भाग पहिलीने घ्यावा, मासिक पेन्शन दुसरीला मिळावी. पुढे पहिली कर्करोगाने गेली. दुसरीने पेन्शनसाठी अर्ज केले; सरकारने २००७ ते २०१४ या काळात ते फेटाळले. ती मुंबई हायकोर्टात गेली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये हरली. पहिले लग्न कायदेशीररीत्या संपण्याआधी झालेले दुसरे लग्न रद्दबातल आहे, त्यामुळे ती विधवा नव्हे. त्याआधी २०१९ मध्ये हायकोर्टाच्या पूर्णपीठाने नियम ११६ बद्दल हेच सांगितले होते, त्यामुळे दोन न्यायमूर्तींच्या पीठाला दुसरा मार्गही नव्हता. मला या प्रकरणातली सर्वांत शहाणी माणसे त्या दोन बायका वाटतात. पहिलीचा हक्क हिरावला जाईल ही नेहमी दिली जाणारी भीती इथे लागूच नव्हती; पहिलीने स्वतःच वाटा मोकळा केला होता, आणि अखेरीस ती हयातही नव्हती. सरकारच्या तिजोरीत राहिलेल्या त्या पैशाने कोणत्या विवाहसंस्थेचे रक्षण झाले?

सुप्रीम कोर्ट या बाबतीत एका रेषेत चाललेले नाही. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी पन्नास वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याला लग्नाचा पुरावा मागणाऱ्यांना सुनावले होते: इतक्या दीर्घ सहवासात लग्न झालेच असे धरायचे, नाही म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचे. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्नाटकातून आलेल्या एका सैनिकाच्या खटल्यात हे तत्त्व थेट पेन्शनीपर्यंत पोचले. पहिल्या पत्नीपासून त्याचा १९९० ला घटस्फोट झाला. दुसरी बाई १९८१ पासूनच त्याच्याबरोबर होती, मुले होती. २००१ ला तो वारला. सैन्याने तिला नकार दिला. कोर्टाने म्हटले की घटस्फोटानंतर मरेपर्यंत अकरा वर्षे दोघे पतिपत्नीसारखे राहिले, तेव्हापासून लग्न झाले असे मानावे आणि तिला पेन्शन द्यावी. निकाल स्वागतार्ह आहे, पण त्याची युक्ती ओळखायला हवी. अविवाहित जोडीदाराला हक्क दिला असे त्यात नाही. ती अविवाहित नव्हतीच, असे मानले गेले. कायद्याचे दार उघडलेले नाही. तिला आत घेण्यासाठी ती आधीपासूनच आत होती असे ठरवले.

तमिळनाडूत ही युक्ती एकदा विधिमंडळाने, संपूर्ण लोकसमूहासाठी, उघडपणे वापरली आहे. पेरियारांच्या चळवळीत भटजीविना, होमाविना, सभेत भाषणे करून आणि हार घालून स्वाभिमान विवाह होत. पुण्याच्या सत्यशोधकांनी १८७३ लाच असा प्रयोग सुरू केला होता, म्हणून मराठी वाचकाला तो अनोळखी नाही. १९५३ साली मद्रास हायकोर्टाने असा एक विवाह अवैध ठरवला. त्याबरोबर हजारो बायका एका सकाळी कायद्याच्या लेखी अविवाहित झाल्या. संसार तेच, मुले तीच, घरे तीच. १९६७ मध्ये अण्णादुराईंच्या सरकारने हिंदू विवाह कायद्यात ७-अ हे कलम घातले. नातेवाइकांसमोर किंवा मित्रांसमोर परस्परांचा स्वीकार जाहीर केला, हार घातला, अंगठी घातली किंवा ताली बांधली, तर विवाह वैध. आणि मुख्य म्हणजे आधी झालेलेही वैध. ज्यांचे नवरे दरम्यान वारले होते त्यांनाही, मागे जाऊन, विधवा होता आले. त्याआधी, १९२९ साली, डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नाने मद्रासच्या विधिमंडळाने देवदासींच्या इनाम जमिनी देवळाच्या सेवेतून मोकळ्या करून त्यांच्या नावावर केल्या होत्या. त्या बायकांना कोणाची पत्नी असल्याचा पुरावा द्यावा लागला नाही. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या मूवलूर रामामिर्तम् अम्मैयारांसारख्या, स्वतः त्या प्रथेतून बाहेर पडून तिच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायका त्या काळात गावोगाव बोलत होत्या. त्या भूमीवर विधिमंडळाने रीत बाजूला सारून माणसाकडे पाहिल्याचे हे दोन दाखले आहेत.

कोर्टांत मात्र तिथेही घोळ चालू आहे. वीज वितरण महामंडळातल्या एका कर्मचाऱ्याची पत्नी आजारी होती. तिच्या संमतीने त्याने तिच्या बहिणीशी लग्न केले. पत्नी गेली, नंतर तोही गेला, आणि बहीण पेन्शन मागायला आली. २०२० मध्ये मद्रास हायकोर्टाच्या एकल न्यायमूर्तींनी, विवाहित पुरुषाबरोबर दीर्घकाळ राहिलेल्या बाईला निवृत्तीचे लाभ मिळतात का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. सख्ख्या बहिणीने आजारी बहिणीचा संसार उचलणे ही तमिळ गावांत काय किंवा आपल्याकडे काय, नवलाई नाही. सोयरे ते स्वीकारतात, शेजारी स्वीकारतात. ट्रेझरी स्वीकारत नाही.

संसदेने 'लग्नासारखे नाते' पहिल्यांदा मान्य केले ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात. मार खाण्यापुरते. २०१० मध्ये, कोइम्बतूरहून आलेल्या खटल्यात, सुप्रीम कोर्टाने त्याच्या कसोट्या घातल्या: दोघे समाजात जोडपे म्हणून वावरत असावेत, वयाने आणि अन्यथा लग्नाला पात्र असावेत, स्वेच्छेने बराच काळ एकत्र राहिलेले असावेत. त्याच वर्षी अभिनेत्री खुशबू यांच्यावरचे खटले रद्द करताना, लग्नाविना एकत्र राहणे गुन्हा नाही, असेही कोर्टाने सांगितले. त्याआधी २००३ मध्ये फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठीच्या मलिमथ समितीने १२५ कलमातल्या पत्नीच्या व्याख्येत दीर्घकाळ पत्नीसारखी राहिलेली स्त्री आणावी असे सुचवले होते, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तसा प्रस्ताव मंजूरही केला. चार दिवस वर्तमानपत्रांत 'लिव्ह-इनला मान्यता' असे मथळे आले, कीर्तनकारांपासून संपादकांपर्यंत सर्वांनी मते दिली, आणि प्रस्ताव विरून गेला. १२५ कलमाची जागा आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. व्याख्या जुनीच आहे. पेन्शनीचा विषय त्या सगळ्या गदारोळातही आला नव्हता.

आला तो वेगळ्या दाराने. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत समलिंगी विवाहासाठी खासगी विधेयक मांडले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने तशा विवाहाचा हक्क नाकारला, पण मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीने अशा जोडप्यांच्या रेशन कार्ड, बँक खाते, पेन्शन, ग्रॅच्युइटी या प्रश्नांचा विचार करावा असे नमूद केले. ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त खाते आणि त्यात जोडीदाराला नॉमिनी करण्यास आडकाठी नाही असा खुलासा निघाला. पेन्शन तशीच राहिली. या लोकांच्या बाबतीत तर 'लग्न का केले नाही' असे विचारण्याचीही सोय नाही. कायदाच करू देत नाही. उत्तराखंडचा समान नागरी कायदा जानेवारी २०२५ पासून लागू आहे. त्यात लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची, न केल्यास शिक्षा, सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी, मुले औरस. जोडीदाराच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्याला वारसा मात्र नाही. सरकारला नोंद हवी आहे, नोंदीबरोबर येणारी जबाबदारी नको आहे.

परदेशांतला प्रवास थोडक्यात. ब्रिटनमध्ये २०१७ साली उत्तर आयर्लंडमधल्या एका स्त्रीने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पेन्शनीचा खटला जिंकला. नॉमिनेशनचा कागद नाही म्हणून अविवाहित जोडीदाराला डावलणे सुप्रीम कोर्टाने भेदभाव ठरवले. २०१८ मध्ये मुले असलेल्यांच्या वैधव्य भत्त्याबद्दलही तसेच ठरले, आणि फेब्रुवारी २०२३ पासून, मुले असलेल्या सहजीवी जोडप्यांपुरता, कायद्यातच बदल. आयर्लंडची गोष्ट अधिक शिकण्यासारखी आहे. वीस वर्षे साथ दिलेली जोडीदार गमावलेल्या, तीन मुलांच्या बापाने जानेवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टात विधुर पेन्शन जिंकली. दीडच महिन्यांनी, ८ मार्चला, राज्यघटनेतली कुटुंबाची व्याख्या लग्नापलीकडे नेण्याचा प्रस्ताव जनतेने सार्वमतात सपशेल पाडला. तरी २०२५ मध्ये संसदेने शोकग्रस्त जोडीदाराच्या पेन्शनीचा कायदा केला. कोण जोडीदार, हे ठरवण्याचे माप तिथे २०१० पासूनच होते: मूल असेल तर दोन वर्षे, नसेल तर पाच वर्षे एकत्र. चर्चेत खरे खडाजंगीचे कलम निघाले ते घटस्फोटितांबद्दलचे. नव्याला आत घेताना जुन्या कोणाला बाहेर काढायचे का, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही.

आपल्याकडे आक्षेप दोन. एक, पहिली बायको. दोन, बनावट दावे. पहिल्याचे वजन मी कमी मानत नाही. टाकून दिलेल्या, खेड्यात सासूची सेवा करणाऱ्या, शहरातल्या नवऱ्याने विचारलेही नाही अशा पहिलीला फक्त पेन्शनच मिळणार असते, आणि तीही वाटायला सांगणे क्रूर आहे. पण त्याचा उपाय क्रम लावणे हा आहे. कायदेशीर पत्नी हयात असेल आणि तिने स्वतः मोकळे केले नसेल, तर तिचा हक्क पूर्ण. ती नसेल, किंवा घटस्फोट झाला असेल, किंवा लग्न कधी झालेच नसेल, तर मुलांनंतर ठरावीक वर्षे एकत्र राहिलेल्या जोडीदाराला. सोलापूरचे प्रकरण, सैनिकाचे प्रकरण, बहिणीचे प्रकरण, तिन्ही या चौकटीत बसतात आणि त्यांत एकाही हयात पत्नीचा एक रुपया कमी होत नाही. बनावट दाव्यांचे म्हणाल, तर तमिळनाडूत तहसीलदार वारसाचा दाखला देतो तेव्हा तो शेजाऱ्यांची चौकशी करूनच देतो. रेशन कार्ड, मुलांच्या शाळेचे दाखले, मतदार यादी, बँकेचे संयुक्त खाते यांवरून एक घर ओळखणे गावकामगाराला अवघड नसते. कर्मचाऱ्याला नोकरीत असतानाच सेवापुस्तकात जोडीदाराची नोंद करू दिली तर निम्मे वाद जन्मालाच येणार नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने अशी एक वाट काढली आहे: घटस्फोटाचा किंवा छळाचा खटला चालू असलेली महिला कर्मचारी नवऱ्याआधी मुलांना पेन्शन मिळावी असे लिहून देऊ शकते. कुटुंबाचा क्रम कर्मचाऱ्याच्या लेखी इच्छेने बदलता येतो, हे सरकारने तिथे मान्य केलेच आहे.

यासाठी विवाह कायद्याला हात लावण्याची गरज नाही, संसदेत दोन तृतीयांश बहुमताचीही नाही. सरकारी नोकरांचे पेन्शन नियम घटनेच्या ३०९ व्या अनुच्छेदाखालचे आहेत. केंद्राचे केंद्र बदलू शकते, तमिळनाडूचा नियम ४९ चेन्नईचे वित्त खाते आणि महाराष्ट्राचा नियम ११६ मुंबईचे वित्त खाते एका अधिसूचनेने बदलू शकते. विवाहाला हात न लावता कुटुंबाची व्याख्या विस्तारण्याचे काम याच नियमांत आधी झाले आहे: अवलंबून असलेले आईवडील, घटस्फोटित मुलगी, अपंग भावंड, सगळे एकेका अधिसूचनेने आत आले. त्या प्रत्येक वेळी विचारलेला प्रश्न एकच होता, की हा माणूस मृताच्या पगारावर जगत होता का.